पोराचं डोकं आणि शाळेची कात्री

गेले काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर तर तो तीनदा आला. त्यात थोडक्यात असं म्हटलंय: आमच्या वेळी केस वाढले की मास्तर प्रार्थनेच्या रांगेतच कात्री लावायचे, घरी सांगितलं तर बाप वर दोन ठेवून द्यायचा, म्हणून आम्ही घडलो. केस बारीक असले की डोकं अभ्यासात राहतं. हीच आपली संस्कृती. शिस्त जपानी शाळांकडून शिका. आता कायद्यानं शिक्षकाचे हात बांधलेत. आणि नियम जाचत असेल त्यानं शाळा बदलावी.

मी एकोणीस वर्षं खेड्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवते. केसांचे नियम मीही राबवलेत. म्हणून यातला एकेक मुद्दा घेते.

केस बारीक तर अभ्यास चांगला, हे खरं असतं तर दहावीचा निकाल दरवर्षी उलटा लागला असता. २०२५ साली राज्यात मुली ९६.१४ टक्के पास झाल्या आणि मुलं ९२.३१ टक्के. त्यातल्या कितीतरी मुली कमरेपर्यंतच्या दोन वेण्या घालून परीक्षेला बसल्या असतील. मुली पुढे असतात ते केसांमुळे, असं मी म्हणत नाही. केसांचा आणि मार्कांचा संबंध नाही, एवढंच म्हणते.

उवांचं मात्र खरं आहे. पाचवी-सहावीच्या वर्गात उवा होतात आणि शेजारी बसणाऱ्याच्या डोक्यात जातात. त्याला बारीक दातांची फणी, औषध आणि आईशी दोन शब्द बोलणं पुरतं. केस स्वच्छ ठेवा, प्रयोगशाळेत आणि मैदानावर बांधून या, हे नियम मला मान्य आहेत. पोरांनाही ते पटतात.

आता संस्कृती. आपल्या पणजोबांचे फोटो काढून बघा. डोक्याचा पुढचा भाग भादरलेला आणि मागे घेरा, शेंडी. ज्याला आज शाळा ‘सभ्य कटिंग’ म्हणते ती इंग्रजी अमदानीत रुळली, आणि तेव्हाच्या म्हाताऱ्यांनी ती ठेवणाऱ्या पोरांना शिव्याच घातल्या. संस्कृतीच काढायची तर दुसरी एक गोष्टही आठवावी. आपल्याकडे एखाद्याची अब्रू घ्यायची असली की डोक्यावर वस्तऱ्यानं पट्टे, म्हणजे पाट, काढून गाढवावरून धिंड काढत. नवरा गेलेल्या बाईचं केशवपन करत. १८९० साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी ते काम करायला नकार दिला. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनाच कळलं होतं, की दुसऱ्याच्या डोक्यावर त्याच्या मर्जीविरुद्ध हात टाकणं म्हणजे काय. म्हणून रांगेत उभ्या पोराच्या केसांत कात्री चालते तेव्हा मला तो पाटच दिसतो.

‘म्हणून आम्ही घडलो’ यावर मला जास्त बोलायचंय.

काही वर्षांपूर्वी सोमवारी परिपाठ चालू असताना एका सहकाऱ्यांनी आठवीच्या एका पोराला पुढं बोलावलं. कपाळावर आलेली झुलपं दोन बोटांत धरली आणि कार्यानुभवाच्या कपाटातल्या कात्रीनं मुळापासून कापली. अशी एकच बट कापायची पद्धत आहे, म्हणजे पोराला झक मारत कटिंगला जावं लागतं. चारशे पोरं हसली. मी चार पावलांवर उभी होते आणि गप्प राहिले.

सोमवारी आमच्याकडं सलूनं बंद असतात. पोरगं दिवसभर कपाळावर हात धरून बसलं. संध्याकाळी शेजाऱ्यानं घरच्या वस्तऱ्यानं त्याचं डोकं चकोट केलं. मग वाटेत भेटेल तो विचारू लागला, घरात कोण गेलं? आपल्याकडं पोराचा गोटा दिसला की हेच विचारतात. बुधवारी त्याची आई ऊसतोडीचा खाडा करून शाळेत आली. भांडली नाही. मला एवढंच म्हणाली, “बाई, ह्येचा बा जिता हाय न्हवं? मग लोकं माझ्या पोराला असं का इचारत्यात?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोरगं दिवाळीनंतर यायचं कमी झालं आणि नववीला आलंच नाही. एवढ्या एका कारणानं त्यानं शाळा सोडली, असं मी म्हणणार नाही. पण घडलेल्यांच्या यादीत तो नाही, आणि असला मजकूर लिहायलाही तो येणार नाही.

जपानचं उदाहरण तर शेवटपर्यंत वाचायला हवं होतं. ओसाकातल्या एका मुलीचे केस जन्मतःच तपकिरी. शाळेनं ते काळे रंगवायला लावले, पुन्हा पुन्हा. २०१७ मध्ये तिनं दावा लावला. २०२१ मध्ये न्यायालयानं नियम योग्यच ठरवला, पण तिचा बाक वर्गातून हलवला आणि नाव हजेरीतून काढलं म्हणून ३ लाख ३० हजार येनची भरपाई द्यायला लावली. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२२ पासून, टोकियोच्या सरकारी हायस्कुलांनी केस काळे करायची सक्ती काढून टाकली. ‘टू ब्लॉक’ कटिंगवरची बंदीही उठवली. म्हणजे बाजूनं बारीक, वर लांब. आमच्या गावातली पोरं रविवारी सलूनवाल्याकडे नेमकी हीच कटिंग मागतात.

राहिला कायदा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं, आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. केसांबद्दल नियम करू नका, असं ते म्हणत नाही. गणवेश ठरवायचा शाळेचा अधिकार न्यायालयांनीही मानलाय. पण गणवेश पोरगं घरी जाऊन दांडीवर टाकतं, कापलेले केस घेऊन त्याला गावभर फिरावं लागतं. डायरीत लिहा, पालकांना बोलवा, पोराला बाजूला घेऊन बोला, यातलं काहीच कायद्यानं अडवलेलं नाही. चारशे पोरांसमोर कात्री चालवायला अडवलंय.

शाळा बदला, हा सल्ला शहरात चालेल. आमच्याकडं पुढची माध्यमिक शाळा अकरा किलोमीटरवर आहे आणि सकाळची एसटी कधी येते, कधी नाही. इथून नाव काढलेलं पोरगं दुसऱ्या शाळेत जात नाही. ते वीटभट्टीवर जातं, नाहीतर आईबरोबर उसाच्या फडात.