काकडीच्या वेलावर एक पण मधमाशी दिसायला नको!

मंडळी, वेल फुलोऱ्यात आला की लगेच पंप बाहेर काढायचा. बेळगावकडचं कडोली असू दे, उचगाव असू दे नाहीतर येळ्ळूर, टायमिंग एकच, सकाळी नऊ ते अकरा. त्या वेळेला काकडीची फुलं मस्त उमललेली असतात आणि सातेरी जातीच्या मधमाश्या सगळ्या ड्युटीवर हजर, एका फवाऱ्यात काम होतंय. संध्याकाळी माश्या पोळ्यात गेल्यावर औषध मारा म्हणून सांगणारे पण असतात, त्यांचं काय जातंय सांगायला, संध्याकाळी आपल्याला कट्ट्यावर जायचं असतंय की. हां, दोडका लावला असेल तर मात्र संध्याकाळीच मारा, त्याची फुलं तेव्हाच उमलतात आणि त्यावर पतंग येतात, ते बिचारे कशाला सुटायचे.

औषध कुठलं? दुकानदार देईल ते. इमिडाक्लोप्रिड दिलं तर बेस्टच, ते झाडाच्या रसात भिनतं आणि परागात, मकरंदात पण उतरतं, म्हणजे आज चुकलेली माशी उद्या तरी गावतेच. युरोपियन युनियननं २०१८ मध्ये ते उघड्या शेतात वापरायला बंदी घातली म्हणे, घालू देत की, आपल्याला काय तिकडं काकडी लावायचीय? बाटलीवर हिरवा त्रिकोण दिसला की मग बिनधास्त. तो रंग माणसा-जनावरांना किती विषारी एवढंच सांगतोय, माशीचा त्यात काही संबंध नाही, पण हिरवा आहे ना, बास झालं. आणि आतली घडीची पत्रिका अजिबात उघडायची नाही. पाटीवर मराठी पाहिजे की कन्नड यावरून आपण डोकी फोडून घेऊ, पण औषधाची पत्रिका कुठल्याच भाषेतली वाचायची नाही, तेवढ्यात मात्र सगळ्यांची एकी.

पंधरवड्यात रिझल्ट बघा. मादी फुलामागं ती बारकी, लवदार काकडी असते ना, पराग नाही पोचला की पिवळी पडून गळते, अर्धामुर्धा पोचला तर वाकडी होते, एका अंगाला फुगलेली, दुसऱ्याला सुकलेली. मग परत त्याच दुकानात जायचं, "सेटिंग होईना झालंय" म्हणायचं. तो फळधारणेचं टॉनिक काढून ठेवतोय, उधारीवर पण देतोय, माणूस चांगला आहे.

टॉनिकनं पण नाही जमलं तर पहाटे उठा, नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि एकेका मादी फुलाला हलक्या हातानं घासत सुटा, दुपारच्या आत एकराचं उरकायला लागतंय, फुलं दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाहीत. मजुरीला बायका बोलवणार असाल तर चहा-नाष्ट्याचं आधी ठरवून घ्या, माश्या कधी मागत नव्हत्या.