कंचेभागुबेवच्या शेपटीत

३.४५ + २.७ = ३.७२.

घरात मुलांचं गणित घेताना वहीत सापडलेलं हे उत्तर मला मान्य नाही, पण त्याच्याबद्दल आदर आहे. कारण बेरीज बिनचूक आहे! फक्त आकडे उजव्या कडेला जुळवलेत, पाचाखाली सात. ३४५ आणि २७ मिळून ३७२, मग वरच्या ओळीत होतं तिथेच टिंब. दशांशाच्या बेरजेत कड जुळवायची नसते, टिंबाखाली टिंब घ्यायचं आणि रिकाम्या घरात शून्य भरायचं: २.७०. उत्तर ६.१५. इथवर ठीक असतं. मग मला पैशांचं उदाहरण सुचतं आणि मी खड्ड्यात पडतो, कारण २.७ म्हणजे समोरच्या हिशेबाने दोन रुपये सात पैसे. शिवाय सात पैसे या पिढीने बघितलेत कुठे?

निम्मा घोळ वाचण्यात आहे. ०.४५ ला 'पॉइंट पंचेचाळीस' म्हटलं की तो ०.५ पेक्षा मोठाच वाटणार, पंचेचाळिसापुढे पाचाची काय कथा! 'शून्य पूर्णांक चार पाच' असं म्हणायची घरात सक्ती करावी. उरलेला घोळ क्रिकेटचा. १९.३ षटकं म्हणजे साडेएकोणीस, आणि १९.५ नंतर एक चेंडू पडला की थेट २०. १७.४ आणि २.५ यांची बेरीज वहीत १९.९ होते, मैदानात २०.३. कारण ते टिंब दशांशचिन्ह नाहीच, षटकं आणि चेंडू यांच्यातली भिंत आहे. टीव्ही चालू ठेवून दशांशाचा सराव घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

टिंब जुळवायची सवय हाडीमाशी खिळते न खिळते तोच गुणाकार येतो. तिथे जुळवायचं काहीच नसतं. ०.३ × ०.२ मध्ये तीन दुणे सहा, टिंबानंतरची घरं दोन्हींकडची मिळून दोन, म्हणून ०.०६. वहीत असतं ०.६. वर प्रश्न येतो, 'गुणल्यावर संख्या लहान कशी झाली?' प्रश्न रास्त आहे. अर्ध्याचं अर्धं पाव होतं, हे पोळी मोडून दाखवावं.

तीच पोळी अपूर्णांकालाही पुरते. १/२ + १/३ = २/५ असं लिहिणाऱ्याला एवढंच विचारावं: अर्ध्या पोळीत आणखी तुकडा ठेवला, तरी ताटात अर्धीपेक्षा कमी कशी राहिली? छेद ३ आणि २ चा लसावि ६; ३/६ + २/६ = ५/६. हे एकदा पटलं की मुलं गुणाकारालाही लसावि काढत बसतात, तिथे त्याची काडीची गरज नसताना. भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटायचा असतो. उत्साहात दोन्ही उलटतात. पाऊण लिटर दूध अर्ध्या लिटरच्या मापाने मोजलं तर दीड माप भरतं, म्हणून ३/४ × २/१. दोन्ही उलटले की ४/३ × २/१ = ८/३, म्हणजे त्याच दुधाची अडीचहून जास्त मापं. पाउणकी, दिडकी, औटकी (पाऊण, दीड, साडेतीनचे पाढे) पाठ असलेल्या आजोबांना हे तोंडी यायचं. ते घरात असतील तर त्यांच्यासमोर कागद काढू नये, अपमान होतो. आपला.

आणि मग कंचेभागुबेव, म्हणजे एकाच उदाहरणातल्या क्रिया कोणत्या क्रमाने करायच्या ते लक्षात ठेवायचं सूत्र. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. 'चे' हा त्यातला मानाचा पाहुणा: ६० ÷ ६ चे १/२ यात आधी सहाचे निम्मे तीन, मग ६० ÷ ३ = २०. 'चे'ला साधा गुणाकार समजून डावीकडून चालत सुटलात तर ५. पुढचं 'भागु' निरुपद्रवी. भागाकार आणि गुणाकार एकाच पंक्तीचे, डावीकडून येतील तसे करायचे. पण भागाकार आधी उरकला तरी उत्तर बदलत नाही. ८ × ५ ÷ ४ मध्ये आधी पाचाला चाराने भागून १.२५ करून घ्याल, डोकं धराल, पण शेवटी १० वरच याल. विष आहे ते शेपटीत, 'बेव'मध्ये. १२ − ५ + ३. सूत्राबरहुकूम बेरीज आधी केली की ५ + ३ = ८, आणि १२ − ८ = ४. खरं उत्तर १०. वजाबाकीचं चिन्ह फक्त पाचाचं होतं, तीन बिचारे उगाच त्याच्या तावडीत सापडले. बेरीज-वजाबाकीसुद्धा एकाच पंक्तीत बसतात, हे त्या सूत्रात कुठे मावलेलंच नाही.

हे सगळं समजावून झाल्यावर पडताळ्यासाठी कॅल्क्युलेटर देऊ नये. २ + ३ × ४ हे वाण्याच्या दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर क्रमाने दाबलं तर २० येतात, कारण तो बिचारा बटण दाबेल तसा हिशेब करत जातो. मोबाइलवर १४. मग दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवून माझ्याकडे बघितलं जातं.