साप चावला? आधी हे उरकून घ्या

मृगाचा पाऊस पडला, बिळांत पाणी शिरले, की साप बाहेर पडतात. त्यांच्या स्वागताची तयारी आधीच करून ठेवावी. सरपण आणि गोवऱ्या घराच्या भिंतीला टेकवूनच रचा. पोत्यांची तोंडे उघडी ठेवा, म्हणजे उंदीर येतील; उंदरांमागे साप येतो, त्याला वेगळे आवतण लागत नाही. रात्री शेतावर निघालात तर बॅटरी घरीच ठेवा, सेल फुकट जातात. गमबूट घातलेत तर चावडीवर हसे होईल. मच्छरदाणी मेथीच्या वाफ्यावर पसरा, कोंबड्या शिरत नाहीत. ती अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचून झोपलात तर मण्यार बिचारी आत येणार कुठून?

मण्यारीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इतका सभ्य साप दुसरा नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, पण बहुधा झोपही मोडत नाही. सूज नाही, आग नाही, दातांची खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, तेव्हा ओवा खावा आणि रात्रीच्या भज्यांना शिव्या द्याव्यात. मग थुंकी गिळेना होते, पापण्या आपोआप मिटू लागतात. घरचे म्हणतात, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, पडू द्या जरा. पडूच द्यावे. श्वासाचे स्नायू लुळे पडायला थोडा निवांतपणा लागतो.

नाग किंवा घोणस असेल तर मात्र गुपचूप काही उरकत नाही. पहिला मान सुतळीचा. करकचून आवळा, पाय काळानिळा पडला की विष अडले, असे समजा. नंतर ब्लेड. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते, त्यामुळे एकदा चिरले की ते वाहतच राहते आणि जमलेल्यांना बघायला काहीतरी मिळते. तोवर पोरांना काठ्या देऊन सापामागे पिटाळा, डॉक्टरला दाखवायला नको का? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर आपल्याकडे एकच लस चालते, हे पोरांना सांगू नका, हिरमोड होईल. शिवाय त्यांच्यातल्या एखाद्याला चावलाच, तर दोघे एकाच जीपभाड्यात जातात.

दंशाचा पाय मोडलेल्या पायासारखा फळकुटाला सैलसर बांधून, माणसाला चालू न देता, सरळ दवाखाना गाठणारी काही उतावळी माणसे असतात. त्यांचे ऐकायचे नाही. आधी भगत. त्याचे यश वादातीत आहे. चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधीकधी विष न सोडता कोरडाच चावतो. एवढी माणसे भगत हमखास वाचवतो. उरलेल्यांची घटका भरलेली असते, त्याला तो काय करणार?

भगताने हात टेकले की प्राथमिक आरोग्य केंद्र. नियमाने ते सपाटीवर 30,000 लोकांमागे एक आणि डोंगरी-आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक. नियमात माणसे मोजलेली आहेत, मधले ओढे नाहीत. ओढा उतरेपर्यंत अलीकडेच बसून विडी ओढावी. पोचल्यावर डॉक्टर मीटिंगला गेलेले असतील. लस भुकटीची असली तर तिला फ्रीजही लागत नाही, म्हणजे वीज गेल्याचे निमित्तही बाद. पण कपाटाची किल्ली आहे ना! तीही सापडली, तर मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी आहेच. 108 ला फोन लावावा. गाडी नेमकी दुसरा पेशंट घेऊन गेलेली असते.

कधीकधी मात्र घात होतो. डॉक्टर जागेवर सापडतो आणि ड्यूटीवरची सिस्टर जिद्दीची निघते. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ती 20 मिनिटे ठेवते, कुणाला हात लावू देत नाही, मग नळी हळूच तिरपी करते. रक्त पाण्यासारखे वाहिले, की कुप्या फोडायला बसते. भुकटीत पाणी सोडायचे आणि कुपी तळहातांत घोळवायची. जोरात हलवली तर नुसता फेस होतो. अशा एक नाही, दहा कुप्या. दाराशी पाहुण्यांचा आवाज चढतो, “एक सुई टोचायला एवढा वेळ?” भगताच्या ओट्यावर चार तास बसून आलेल्यांनी हे विचारायलाच हवे.

2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसे गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. हे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणायचे, असा आराखडा केंद्राने 2024 मध्ये काढला. म्हणजे निम्म्या जागा तरी शिल्लक आहेत. त्यांत आपल्या गावाचा नंबर लावायचा असेल, तर वरच्यातले काही चुकवू नका.

आणि एवढे करूनही वाचलात, तर घरी आल्यावर पहिल्या मंगळवारी भगताला नारळ आणि कोंबडा पोचवा. दवाखान्यावरून गाडी जाताना थांबून सिस्टरलाही सांगा, सलाईनची जागा अजून ठणकतेय म्हणून.