शेजारच्या कॉलेजला विचारलं का?

आज २४ सप्टेंबर, एनएसएसचा दिवस. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. मीही दोन वर्षं स्वयंसेवक होतो. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. अनोळखी माणसाच्या ओट्यावर बसून बोलायला मी त्या सात दिवसांत शिकलो. म्हणूनच जिवाला लागलेलं एक लिहितो.

शिबिरात आम्ही पाणी अडवायला गावच्या ओढ्यावर वनराई बंधारा घातला होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, दाभण-सुतळीनं तोंडं शिवायची आणि थरावर थर रचायचे. मी गोण्या गच्च भरल्या. गावातल्या एका काकांनी त्या उसवायला लावल्या. "पाऊणच भर पोरा. गच्च गोणी दुसरीला चिकटून बसत नाही, फटीतून पाणी जातं."

पण शिबिर परीक्षेनंतर, जानेवारीत. तोवर ओढ्याची धार करंगळीएवढी उरलेली. हा बंधारा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाणी वाहतं असतानाच घालायचा असतो. शिवाय गोण्या उन्हानं विरतात, पुरात वाहून जातात, म्हणून तो दरवर्षी नव्यानं रचावा लागतो. पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजनं दुसरं गाव दत्तक घेतलं. इथे शेजारचं कॉलेज आलं. त्यांना बंधाऱ्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी शाळेच्या भिंतीवर आमच्या घोषणांवर आपल्या घोषणा रंगवल्या.

एकाच योजनेतली कॉलेजं ही! अहवाल विद्यापीठाकडे जातो, पण दहा किलोमीटरवरच्या कॉलेजकडे जात नाही. यात कार्यक्रम अधिकाऱ्यांना, म्हणजे कॉलेजात एनएसएस बघणाऱ्या प्राध्यापकांना, दोष नाही, ती माणसं तास घेऊन, पेपर तपासून हे सांभाळतात. पण तालुक्यातल्या तीन-चार कॉलेजांनी मिळून एकच गाव पाच वर्षं धरलं तर? एकानं ऑक्टोबरातल्या दोन रविवारी बंधारा घालावा, दुसऱ्याच्या सायन्सच्या मुलांनी मे महिन्यापर्यंत विहिरींची पाणीपातळी मोजावी, तिसऱ्यानं हिवाळी शिबिर तिथंच घ्यावं. आणि कुणी काय केलं याची एक वही ग्रामपंचायतीत ठेवावी, पुढची तुकडी ती वाचूनच कामाला लागेल.

माझ्या मित्रयादीत बरेच प्राध्यापक आहेत. सर, मॅडम, शिबिराचं गाव ठरवण्याआधी शेजारच्या कॉलेजला एक फोन करा. पाऊस ओसरतोच आहे. गोण्या भरायला मी येतो.