हार्वर्डचा क्रीडा कोटा आणि आपली मेरिटवाली मंडळी

जून 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या प्रवेशातला वंशाचा निकष रद्द केला, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. ‘शेवटी मेरिट जिंकलं!’ न्यू जर्सीवाले खूश, टेक्सासवाले खूश, आणि ज्यांचा हार्वर्डशी संबंध फॉरवर्डपुरताच, ते सगळ्यात जास्त खूश.

त्याच खटल्यात बाहेर आलेला दुसरा आकडा मात्र कुणी फॉरवर्ड केला नाही. प्रशिक्षकांनी संघासाठी हेरलेल्या खेळाडूंपैकी 86 टक्क्यांना हार्वर्डने प्रवेश दिला होता. जी मुलं खेळाडू नाहीत, ज्यांचे आईबाप माजी विद्यार्थी, देणगीदार किंवा तिथले प्राध्यापक नाहीत, त्यांचं प्रमाण पाच-सहा टक्के. अर्जांमध्ये हे खेळाडू एक टक्काही नव्हते, प्रवेश मिळालेल्यांत दहा टक्क्यांच्या वर. न्यायालयाने या वाटेला हातही लावला नाही. आजही ती उघडी आहे.

मला खेळाडूंचा राग नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये तेवढंच येईल. भर हंगामात आठवड्याला वीस-वीस तास सराव करून अभ्यास सांभाळणारं पोर मला नुसत्या टॉपरपेक्षा जास्त आवडतं. माझा प्रश्न एवढाच: अभ्यासाची पट्टी किती खाली आणली, आणि कुणासाठी?

ही यंत्रणा मोठी मजेदार आहे. आयव्ही लीग या नामांकित गटातली हार्वर्ड धरून आठ विद्यापीठं खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, 1954 च्या करारापासून. म्हणजे तिथे प्रवेश हेच बक्षीस. शाळेतले गुण आणि एसएटीसारख्या प्रवेशपरीक्षेचे गुण मिळून एक आकडा काढतात, त्याला ॲकॅडेमिक इंडेक्स म्हणतात. नियम असा की खेळाडूंची सरासरी बाकीच्या विद्यार्थ्यांच्या सरासरीपेक्षा एका ठरावीक अंतराहून खाली जाता कामा नये. नीट बघा, सरासरी! मग प्रशिक्षक काय करतात? एखादा तुफान खेळणारा पण अभ्यासात यथातथा मुलगा घ्यायचा असेल, तर सोबत एक भरपूर मार्कांचा मुलगा घेतात, जो बाकावर बसून सरासरी वर उचलतो. बारावीत जायच्या आधीच्या जुलैपासून प्रशिक्षक मुलांची गुणपत्रकं प्रवेश कार्यालयाला दाखवून ‘हे चालेल का?’ विचारून घेतात. ऑक्टोबरपासून ‘तुमचा प्रवेश जवळपास नक्की’ अशी पत्रं निघू लागतात. बाकीची पोरं तेव्हा अर्जासोबतच्या निबंधाचा तिसरा खर्डा खरडत असतात.

आणि खेळ कोणते? हार्वर्डचे चाळीसहून जास्त संघ आहेत. बास्केटबॉल-फुटबॉल आपल्याला टीव्हीवर दिसतात. पण स्क्वॉश, शिडाच्या बोटी, रोइंग, तलवारबाजी, वॉटर पोलो यांचं काय? गरीब वस्तीतल्या सरकारी शाळेत शिडाची बोट कुठून येणार? खटल्यातल्या आकड्यांवर अर्थतज्ज्ञांनी काम केलं तेव्हा दिसलं की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी 43 टक्के खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, देणगीदारांच्या ओळखीतली किंवा प्राध्यापकांची मुलं होती. काळ्या, आशियाई आणि हिस्पॅनिक मुलांत हेच प्रमाण 16 टक्क्यांच्याही खाली.

आपली माणसं हे गणित बरोब्बर ओळखून आहेत. माझ्या मावसभावाची लेक न्यू जर्सीत तलवारबाजी करते. तिकडे गेलो होतो तेव्हा एका स्पर्धेला मलाही घेऊन गेले. हॉलभर लांबलचक पट्ट्या आखलेल्या, सतत बझर वाजतोय, आणि कडेला घडीच्या खुर्च्यांवर आईबाप लॅपटॉप उघडून बसलेले. तिथे खेळाडूच्या नावापुढे दर्जाचं अक्षर आणि ते कमावल्याचं वर्ष लागतं. लेकीचं होतं सी24. भाऊ विद्यापीठांच्या प्रशिक्षकांना पाठवायचा मेल टाइप करता करता म्हणाला, “दादा, सी वर कोणी उत्तर देत नाही. ए आला की बघ.” पोरगी खरंच छान खेळते, आवडीने खेळते. पण शनिवार-रविवार मोकळे असलेला बाप, गाडी, खासगी कोच आणि तीन राज्यांतल्या स्पर्धांची हॉटेलं, हे सगळं त्या एका अक्षरात जमा असतं. न्यायालयाच्या निकालावर ग्रुपमध्ये पहिला फटाका लावणारा हाच भाऊ. (हे तो वाचणार आहे. वाच रे.)

उलट टोकाला फुटबॉल-बास्केटबॉल. तिथे सवलत खूपदा गरीब, काळ्या मुलांना मिळते आणि तिथेच त्यांची फसवणूक होते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात 1993 ते 2011 अशी अठरा वर्षं कागदोपत्री वर्ग चालले. हजेरी नाही, प्राध्यापक नाही, शेवटी एक निबंध टाकायचा आणि चांगली ग्रेड घ्यायची. 3,100 हून जास्त विद्यार्थी त्यातून गेले, जवळपास निम्मे खेळाडू. 2017 मध्ये एनसीएए या क्रीडा संघटनेने विद्यापीठाला या वर्गांसाठी शिक्षाच केली नाही. कारण? हे बोगस वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते! पट्टी खाली आणून पोराला आत घ्यायचं, मैदानावर पिळायचं आणि शिकवायचं मात्र नाही, याला सवलत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पट्टी अशी झाकलेली असली की दलाल येतातच. 2019 चं प्रकरण आठवत असेल. रिक सिंगर नावाच्या माणसाने पैसेवाल्यांची पोरं खोटे खेळाडू बनवून येल, जॉर्जटाउन, यूएससी अशा नामांकित विद्यापीठांत घुसवली. कधी रोइंग न केलेल्या मुलींचे रोइंग मशीनवर फोटो काढले. त्याला साडेतीन वर्षांची कैद झाली. आपण हसायचं कारण नाही, ट्रॅम्पोलिनची बोगस प्रमाणपत्रं दाखवून सरकारी नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं आपल्याच महाराष्ट्रात निघाली आहेत.

मग खेळाडूंना काहीच द्यायचं नाही का? कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यापीठाने तसं करून दाखवलंय. त्यांचा बास्केटबॉल संघ लीगमधले सलग 310 सामने हरला, 1985 पासून 2011 पर्यंत, आणि तरी त्यांनी प्रवेशाची पट्टी हलवली नाही. ऐकायला भारी वाटतं, पण इतकं कडक मला नको. मला आयआयटी मद्रासची पद्धत जास्त पटते. 2024 पासून तिथे प्रत्येक बी.टेक. शाखेत खेळाडूंसाठी दोन जादा जागा आहेत, त्यातली एक मुलीसाठी. जेईई ॲडव्हान्स्डच्या रँक लिस्टमध्ये नाव हवंच. त्यानंतर क्रम लागतो तो पदकांवर. जागा जादा असल्यामुळे कुणाची कापली जात नाही, आणि पट्टी कुठे आहे ते जाहीर आहे. तिथेही पुढे पळवाटा निघतील म्हणा, पण निदान कुठे निघाल्या ते दिसेल.

आपल्या दहावी-बारावीच्या खेळाच्या गुणांवरून दरवर्षी जी मंडळी ‘फुकटचे 25 मार्क’ म्हणून कोकलतात, त्यांनी जरा तिकडेही कोकलावं. ते गुण धाराशिवच्या खो-खोवालीलाही मिळू शकतात. हार्वर्डमध्ये खो-खोचा संघच नाही.

माझी मागणी एका तक्त्याची आहे. कोणत्या खेळासाठी किती मुलं घेतली, त्यांचे गुण किती, घरचं उत्पन्न किती. खेळवार छापा, सरासरीत लपवू नका. मी आधी स्क्वॉशची ओळ वाचणार आहे.