वेबसाइटचं स्पायरल बाइंडिंग

"वेबसाइटला स्पायरल बाइंडिंग करून आणा. वर पारदर्शक प्लास्टिक, मागे काळा पुठ्ठा." गेल्या सोमवारी मला हे सांगण्यात आलं. सांगणारे आमचे सर. वयानं माझ्या भाच्याहून लहान, पण सर ते सर. मी म्हटलं, "सर, साइट इंटरनेटवर आहे. पत्ता टाकला की जगात कुठूनही दिसते." त्यांनी माझ्याकडे कीव येऊन बघितलं. "काकू, जगाचं सोडा. एक्स्टर्नलना कुठे दिसणार?" एक्स्टर्नल म्हणजे परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक.

मी या भानगडीत का पडले ते पटकन सांगून टाकते. बँकेतून रिटायर झाले, महिला मंडळाच्या फराळाच्या ऑर्डरी माझ्या गळ्यात पडल्या, आणि फोनवर "अहो, चकली भाजणीची की तांदळाची?" ऐकून कान किटले. म्हणून एका कॉलेजात संध्याकाळी चालणाऱ्या वेब डिझाइन आणि पब्लिशिंगच्या कोर्सला नाव घातलं. फी भरली. परीक्षेच्या प्रोजेक्टला मंडळाच्या फराळाचीच साइट केली. तेवढं पुरे.

लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचं. का, तर कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. खिडकीच्या पडद्यांवर होळकर संस्थानच्या काळापासूनची धूळ आहे, ती मात्र चालते. इंदूरच्या जानेवारीत ती फरशी पायांना अशी चावते की मी पाय सीपीयूच्या डब्यावर ठेवून बसत असे. डबा गरम असायचा. त्या मशीनचा मला झालेला सगळ्यात भरवशाचा उपयोग तोच.

अभ्यासक्रमाबद्दल बोलू नये, पण बोलते. आम्हाला शिकवलं काय? टॅग, म्हणजे वेबपानाच्या कोडमधल्या खुणा: अक्षराचं रूप ठरवणारा फॉन्ट, मजकूर मधोमध आणणारा सेंटर, पानाचे उभे-आडवे तुकडे पाडणारा फ्रेमसेट, आणि सगळ्यांचा लाडका मार्की, ज्यानं अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकत राहतात. यातले फॉन्ट आणि सेंटर हे एचटीएमएल या वेबपान लिहायच्या भाषेच्या १९९७ सालच्या चौथ्या आवृत्तीतच "आता वापरू नका" म्हणून बाजूला काढलेले. एचटीएमएलनं फक्त सांगायचं की हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. रंगरूप सीएसएसनं बघायचं. ते सीएसएस तरी काल-परवाचं आहे का? पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ ची. माझ्या शेजारच्या बाकावरची मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती. फ्रेमसेटला २०१४ मध्ये एचटीएमएल ५ नं घराबाहेर काढलं. आमच्या जर्नलमध्ये तर अजून छापलेलं आहे की पान इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरमध्ये उघडून तपासा. मायक्रोसॉफ्टनं त्याला जून २०२२ मध्ये निरोप दिला, आमच्या जर्नलनं दिलेला नाही.

हे मी सरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "काकू, मला ठाऊक आहे. पेपर काढणाऱ्यांना ठाऊक नाही." त्यांचा मला राग नाही. ते अतिथी विद्वान आहेत. आमच्या मध्य प्रदेशात तात्पुरत्या प्राध्यापकांना असं म्हणतात. नाव भारदस्त, बाकी सगळं तात्पुरतं.

लॅबला इंटरनेट नाही. त्यामुळे पब्लिशिंगचं युनिट खडूनं झालं. फळ्यावर डावीकडे एक चौकोन, म्हणजे आपला कॉम्प्युटर. उजवीकडे दुसरा चौकोन, म्हणजे सर्व्हर, साइट जिथून जगाला दिसते तो कॉम्प्युटर. मध्ये बाण, बाणावर लिहिलं एफटीपी, म्हणजे फायली सर्व्हरवर पाठवायची पद्धत. झालं पब्लिश. तास संपल्यावर सरांनी फळा पुसला, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, साइट डाउन हो गई." अख्ख्या कोर्समध्ये पब्लिशिंग नीट समजलेला तो एकच मुलगा.

खरं पब्लिशिंग मी घरी केलं. पुण्याची भाची फोनवर सांगत गेली, मी फोल्डर फुकटच्या होस्टिंगवर चढवला, आणि पान आलं, पण एकही फोटो नाही. कारण काय, तर फोटोच्या नावातलं शेवटचं जेपीजी कॅमेऱ्यानं मोठ्या लिपीत लिहिलेलं आणि कोडमध्ये छोट्या लिपीत. विंडोजला दोन्ही सारखंच, म्हणून लॅबमध्ये सगळं गोमटं दिसत होतं. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, तिथे हे दोन वेगळे फोटो. आता मला सांगा, फी घेणाऱ्यांनी शिकवायला हवं होतं ते हे, का मार्की?

असो. पेनड्राइव्ह घेऊन कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले.

इंदूरच्या भंवरकुआँ भागाकडे ज्यांचं कधी जाणं झालंय त्यांना ही दुकानं माहीत असतील. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, रेल्वे तिकीट आणि 'यहाँ प्रोजेक्ट बनाए जाते हैं', सगळं एकाच पाटीवर. मालक आपलाच माणूस निघाला, रामबागेतला. कानावर पेन, तोंडात सुपारी, आणि ती आमची इंदुरी मराठी, जी ऐकून पुण्याची भाची अर्धा तास हसते.

"काकू, काय काढायचंय?"

"वेबसाइट."

त्याला जराही नवल वाटलं नाही. "किती पानांची?"

"चार."

त्यानं होमपेज उघडलं, प्रिंटचं बटण दाबलं, आणि मशीनकडे न बघता म्हणाला, "चार कुठे काकू, होमपेजचीच सहा होऊन राहिलीत." वेबपानाला तळ नसतो हे प्रिंटरला कोण सांगणार! दरांचा तक्ता मधोमध कापला गेला होता. अनारसे एका कागदावर, त्यांचा भाव दुसऱ्या.

मग त्यानं चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनकडे नीट पाहिलं. "हा मरून कलर तुम्ही लावलाय?"

"हो. पैठणीचा रंग आहे. मुद्दाम शोधून घेतलाय."

"छापून नाही येणार. ब्राउझर बॅकग्राउंड छापतच नाही. आणि मी जबरदस्ती छापलं तर पूरी शाई पिऊन जाईल. मी सगळ्या पोरांना सांगतो, वेबसाइट करताना झेरॉक्सचा विचार करत जा."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, छपाईसाठी वेगळे नियम लिहायची सोय सीएसएसमध्ये १९९८ पासून आहे. पडद्यावर एक रूप, कागदावर दुसरं.

"असेल ना," तो मोठ्या मनानं म्हणाला. "पण एक्स्टर्नल तेवढं नाही बघत. ते जाडी बघतात."

"कसली जाडी?"

"फाइलची." त्यानं अंगठा आणि तर्जनी यांच्यात अंतर दाखवलं. "एवढी पाहिजे. तुमची तर एवढीच होतेय. मागे थिअरी लावून देऊ का? 'इंटरनेट का इतिहास' आहे माझ्याकडे. चांगला जाड आहे."

तेवढ्यात पहिलं काळं-पांढरं पान हातात आलं. आधारकार्डाची झेरॉक्स काढायला उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावरून डोकावून विचारलं, "मच्छर अगरबत्तीचा धंदा आहे का?" चकली होती ती. भाजणीची, काटेदार, सकाळच्या उन्हात स्टुलावर उभं राहून काढलेला फोटो. मी त्यांना खुलासा केला. ते म्हणाले, "मग कलरमध्ये काढा ना." कलर पानाला दहा रुपये. ते माझ्यासाठी काढणार होते का?

दुकानदाराचं परीक्षण चालूच होतं. "हे मराठी कुठल्या फॉन्टात आहे? कृतिदेव करून टाकू, डार्क येईल." मी म्हटलं, युनिकोड आहे, कृतिदेव जुन्या पद्धतीचा फॉन्ट, तो यावर चालत नाही. त्यानं तरी सगळं सिलेक्ट करून कृतिदेव लावला, अक्षर ढिम्म हललं नाही, तेव्हा माझ्याकडे असं बघितलं की मीच काही करणी केली आहे. "आणि खाली हे काय येतंय, सी ड्राइव्ह, यूजर्स...? पत्ता कोणाचा आहे हा?"

"फाइलचा."

"कापून टाकू." आणि त्यानं खरंच मोठी कात्री काढली.

मग आवाज खाली आणून तो मूळ मुद्द्यावर आला. "काकू, एवढा त्रास कशाला? तयार घ्या ना. बघा तर सही." स्क्रीनवर फोल्डर. ऑनलाइन पिझ्झा, ट्रॅव्हल एजन्सी, हॉस्पिटल, फ्लॉवर शॉप. "नाव बदलून बाइंडिंगसकट देऊन टाकतो. पिझ्झा सगळ्यात जास्त चालतो."

"मी स्वतः केलीय वेबसाइट. एकेक ओळ हातानं लिहिलीय."

"म्हणून तर प्रॉब्लेम येतोय," तो कळवळून म्हणाला. "यात मार्की पण नाही तुमच्या."

"मार्की कागदावर छापणार कशी?"

"बाण काढतात ना. स्केचपेननी. अक्षरांच्या खाली डावीकडे बाण, आणि लिहायचं, 'मूव्हिंग'."

मी त्याला निक्षून सांगितलं की माझ्या वेबसाइटवर काहीही सरकणार नाही. बिघडलेली पानं उचलून टाकायला गेले, तर दुकानात दोन डबे, गीला आणि सूखा. २०१७ पासून सलग सात वेळा देशात पहिल्या नंबराचं स्वच्छ शहर ठरलेलं आहे आमचं, इथे वेबसाइटचीसुद्धा वर्गवारी होते. होमपेज सुक्यात गेलं.

पैसे मोजताना मला उगाच तो टिम बर्नर्स-ली आठवला. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत बसून त्यानं वेबचा पहिला प्रस्ताव १९८९ मध्ये लिहिला, तेव्हा त्याच्या साहेबांनी समासात शेरा मारला होता, अस्पष्ट पण रोमांचक. पुढे ३० एप्रिल १९९३ ला सर्ननं हे सगळं तंत्र जगाला फुकट देऊन टाकलं. कोणालाही, कशासाठीही, एक दमडी न घेता. आणि मी भंवरकुआँला उभी राहून "सुट्टे नाहीत काकू" ऐकत होते.

परीक्षेच्या दिवशी मोबाइल दाराशी जमा. म्हणजे माझी साइट अमेरिकेत दिसत होती, राजवाड्यावर दिसत होती, फक्त जिथे तिला मार्क मिळायचे त्या खोलीत दिसत नव्हती. एक्स्टर्नल लांबून आले होते, समोर कचोरीची बशी. त्यांनी फाइल हातावर तोलली. खरोखर तोलली! दुकानदाराची क्षमा मागावी असं त्या क्षणी मला वाटलं. मग निळ्या, अधोरेखित 'दरपत्रका'वर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "यहाँ क्लिक करेंगे तो क्या होगा?"

मी म्हटलं, "पेज नंबर नौ."

ते हसले नाहीत. पान नऊ उघडून खात्री करून घेतली आणि बरोबरची खूण केली.

ऑर्डरच्या फॉर्मवर मात्र ते अडले. सबमिट केल्यावर माहिती जाते कुठे? प्रश्न चांगला होता, कोर्समध्ये कोणी विचारलाच नव्हता. नुसता एचटीएमएलचा फॉर्म माहिती पाठवतो, पण ती घेणारा प्रोग्राम पलीकडे सर्व्हरवर लागतो, आणि तो आमच्या अभ्यासक्रमात नाही. म्हणून मी व्हॉट्सॲपची लिंक जोडली होती, ऑर्डर थेट माझ्या फोनवर येते. हे सगळं सांगितलं.

"दिखाइए."

"फोन बाहर जमा है, सर."

"तो फिर कैसे मान लें?" असं म्हणून त्यांनी दोन मार्क कापले. बाहेर आले तर फोनवर लोकमान्य नगरातून तिळाच्या वड्यांची ऑर्डर येऊन पडली होती, वेळ बघितली तर मी आत उभी होते तेव्हाचीच.

माझ्यापुढचा नंबर पिझ्झावाल्याचा होता. त्याला माझ्याहून जास्त मार्क मिळाले. त्याच्या फाइलीत सहाव्या पानावर अजून मागच्या वर्षीच्या मुलीचं नाव होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. खाली स्केचपेनचा बाणही होता, हिरवा. मुलगा वाईट नाही, माझ्या सँडल कपाटाखाली गेल्या होत्या त्या त्यानंच काढून दिल्या. पण फी त्यानंही तेवढीच भरली आहे आणि त्याला आजही ठाऊक नाही की त्याचा पिझ्झा कोणाला मागवता येत नाही. हे त्याला कळवायला हवं होतं ना कोणीतरी? का जाडी जमली की झालं?

मंडळाच्या ग्रुपवर मी साइटचा पत्ता टाकला. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मग आमच्या सचिव वहिनींचा फोन. "छानच केलंत हो. पण मला मोबाइलवर वाचवत नाही. तुम्ही बाइंडिंग केलेली केलीय ना एक? ती आणा रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला, सगळ्याजणी बघतील."

ती कॉलेजनं जमा करून घेतलीय. परत मिळत नाही, रेकॉर्डला ठेवतात. वहिनींना चौकशी करून कळवलं: लॅबबाहेरचं लोखंडी कपाट, किल्ली शिपायाकडे, वेळ अकरा ते पाच. दीड ते अडीच जेवणाची सुट्टी. चपला बाहेर काढाव्या लागतील.