खान्देशातला गुलाब मातीत गाडू नका

‘हिवाळ्यात गुलाब वाचवा’ हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा संदेश माझ्या धरणगावच्या मावशीने प्रमाण मानला आणि अंगणातल्या ऐन बहरातल्या गुलाबांचे बुंधे काळ्या मातीत गाडले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. थंडीत गुलाब झोपतो, तेव्हा त्याचे पाणी तोडावे, कलमाचा सांधा (कलम खालच्या खुंटाला जोडलेले असते ती जागा) फूटभर मातीने झाकावा, सुकलेली फुले झाडावरच ठेवावीत, छाटणी थंडी सरल्यावर करावी आणि जास्वंद आडोशाला न्यावी, असे त्या संदेशात म्हटले आहे.

यांतला सर्वांत घातक सल्ला सांधा झाकण्याचा आहे. तो कुठल्या हवामानाचा आहे, हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे मार्गदर्शन वाचले की कळते. तिथे पारा उणे 30 अंशांपर्यंत उतरतो आणि जमीन गोठते. म्हणून नाजूक कलमी गुलाबांची मुळे एका बाजूने सैल करून ऑक्टोबरमध्ये अख्खे झाड आडवे चरात पुरतात आणि एप्रिलमध्ये पुन्हा उभे करतात. कडाक्याच्या थंडीपासून आणि गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्यांपासून सांधा वाचावा, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे सातपुड्यात तोरणमाळ, डाब परिसरात एखाद्या पहाटे दव गोठते हे खरे, पण धुळे-जळगावच्या अंगणातली जमीन गोठत नाही. मग वाचवायचे कशापासून? उलट आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि ती ओली भर सांध्याला चिकटून राहिली की कुज लागते. मावशीच्या एका झाडाची भर उकरली, तेव्हा सांध्यावरची साल बोटाने चोळताच सुटून आली आणि खालचे लाकूड तपकिरी पडलेले दिसले.

गुलाब झोपतो, हेही तिथलेच सत्य. खान्देशात त्याचा खरा बहर हिवाळ्यातच येतो, त्यामुळे पाण्याची पाळी लांबवावी, तोडू नये. सुकलेली फुले तिथे मुद्दाम ठेवतात, कारण हिमापूर्वी कोवळी फूट नको असते. आपल्याला मात्र तीच फूट हवी असल्याने ती फुले वेळच्या वेळी खुडलीच पाहिजेत.

छाटणीचा सल्ला तर अख्खा बहर बुडवणारा आहे. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये छाटलेला गुलाब साधारण सहा-सात आठवड्यांनी, म्हणजे थंडीच्या तोंडावर, फुलतो. तीच छाटणी फेब्रुवारीत केली, तर कळ्या चैत्राच्या उन्हात सापडतील आणि लहानखुरी फुले उमलताच करपतील.

जास्वंदीपुरते या संदेशाचे म्हणणे नाइलाजाने मान्य करावे लागते. पारा 7-8 अंशांवर आला की तिची पाने पिवळी पडतात आणि कळ्या गळतात, म्हणून कुंडी असल्यास ती रात्री भिंतीच्या आडोशाला ठेवावी. ज्यांनी गुलाबाला भर घातली आहे, त्यांनी मात्र ती आजच काढून सांधा उघडा करावा आणि तिथली माती सुकेपर्यंत आळ्यात पाणी सोडू नये.